गावडे सिस्टर आणि अंगणातली वायर

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी गेलं की माणूस आधी चपला काढतो, मग "कशाला उगाच" म्हणत पाण्याचा तांब्या घेतो आणि मग टेकतो. गावडे सिस्टरांची रीत वेगळी होती. दारातून आत आल्या की त्या आधी भिंती बघायच्या. विजेची पेटी कुठं आहे ते हेरून सरळ तिथं जायच्या, झाकण उघडायच्या आणि आतलं एक बारकं बटण अंगठ्यानं दाबायच्या. घरातली लाइट गेली, की "हां, आता बसते" म्हणून खुर्ची ओढायच्या आणि चहा सांगायच्या. लाइट गेली नाही, तर आल्या पावली परत. त्या घरचा चहा नाही, पाणी नाही, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा नाही.

आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मिक्सरवर ओलं खोबरं वाटत होते आणि आमचे हे आत कॉम्प्युटरवर सोसायटीचा अहवाल टाइप करत होते. मिक्सर गप्प झाला, पंखा थांबला, आतून ह्यांचा आवाज आला, "अगं माझं सगळं गेलं." मी बाहेर येऊन बघते तर ही बाई आमच्या पेटीपुढं उभी, चेहऱ्यावर समाधान.

"अहो सिस्टर, विचारायचं तरी आधी."

"विचारून काय करू? शॉक काय विचारून लागतो व्हय? तुमची लाइट गेली, म्हंजे तुमी शानी माणसं. चहात साखर कमी घाला."

आमचे हे नंतर दोन दिवस धुमसत होते.

हे बटण म्हणजे काय ते आता आमच्या कॉलनीत शेंबडं पोरही सांगेल. पेटीत ईएलसीबी नावाचा एक स्विच असतो. घरात जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही, मध्येच कुणाच्या अंगातून नाहीतर ओल्या भिंतीतून जमिनीत गळाली, की हा स्विच डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. तो चालू आहे की मेलाय हे कळायला त्याच्यावरच ते बटण दिलेलं असतं. अधूनमधून दाबून बघायचं, बस्स. पण दाबतंय कोण? गेटच्या खांबांवर दिवे, बागेत दिवे, पायऱ्यांखाली दिवे, नारळाच्या झाडाला खालून वर मारलेले हिरवे दिवे. सगळे उघड्यावर, ओल्या मातीत. आणि आत हा स्विच एकतर बसवलेलाच नाही, नाहीतर बसवून विसरलेला. कुणी म्हणालं की आमच्या पेटीत आहे की खाली पडणारा स्विच, तर सिस्टर सांगायच्या, "तो वायर जळू नये म्हणून हाय. वायरीला जपता. माणसाला कोण जपायचं?"

त्या काही विजेच्या जाणकार नव्हत्या. मी एकदा विचारलं की हे नेमकं आत कसं चालतं, तर म्हणाल्या, "मला त्यातलं काय बी कळत न्हाय मास्तरीणबाई. मला मेलेलं माणूस कळतं." मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

सिस्टर आता नाहीत. बावड्याला भावाच्या घरी राहायला गेल्या आणि साध्या तापाचं निमित्त होऊन तिथंच गेल्या. बावडा हे त्यांचं माहेर, आणि सासर त्यांना नव्हतंच. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ड्युटी लागली हुती." सगळी नोकरी इंदापूरकडच्या दवाखान्यांत. निवृत्त झाल्यावर बारामतीत इंदापूर रोडला, आमच्या शेजारी, दोन खोल्यांचं घर घेतलं. बुटक्या, अंगानं भरलेल्या, खोबरेल तेलानं चापून बसवलेले केस, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाला उभं राहून शेवटच्या घरातल्या माणसाला गोळी घेतली का ते विचारावं. आणि तसं त्या विचारायच्याही. लाज नावाची गोष्ट त्यांनी बहुतेक नोकरीला लागताना जमा करून टाकली होती. भाजीवाल्यापाशी चारचौघी उभ्या असताना समोरच्या शेलार आबांना त्यांनी विचारलं होतं, "आबा, मूळव्याध कसाय? रगत येतंय का थांबलं?" आबा पिशवी तिथंच टाकून घरात गेले. त्यांचा सिस्टरांवरचा राग तिथून सुरू झाला असं माझं मत आहे. तो राग मला कळतो. पुढचं जे झालं ते मात्र मला कधीच कळणार नाही, आणि ते कळून घ्यायची माझी इच्छाही नाही.

इंदापूरच्या त्यांच्या आठवणी ऐकायला मन घट्ट लागायचं. एकदा एका वस्तीवरून शॉक लागलेला माणूस आणला, तो मातीनं माखलेला. वीज मातीत उतरते म्हणून घरच्यांनी आधी त्याला खड्ड्यात मानेपर्यंत पुरून ठेवला होता. श्वास द्यायची ती वेळ सगळी त्या खड्ड्यात गेली. बाहेर त्याचा बाप सगळ्यांना सांगत होता, देवानं नेलं. सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवानं न्हाय नेलं. वायरीनं नेलं. देवाचं नाव घेऊ नगा." मोठ्या डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून समज दिली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि पुढच्या खेपेला तेच बोलल्या.

आणि दुसरी एक बाई. अंगणातल्या दिव्याच्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली, खांबातल्या वायरीचं वरचं आवरण खरचटलेलं. ती परकर पिळून तारेवर टाकायला गेली ती तिथंच. दवाखान्यात आणली तेव्हा ओला परकर तिच्या मुठीतच होता. "मूठ मला उघडायला लागली," सिस्टर म्हणाल्या. "एकेक बोट. आन् तिचा नवरा भायेर म्हणतोय, नशीब. मी म्हणलं, नशिबाला वायर कुणी जोडली हुती?"

'नशीब' हा शब्द त्यांच्यापुढं काढायचा नाही, हे आम्ही सगळे शिकलो होतो.

वास्तुशांतीला लोक भिंतीवरची घड्याळं देतात, देवाच्या तसबिरी देतात, काचेचे पेले देतात. सिस्टर ईएलसीबी द्यायच्या. चमचमत्या कागदात गुंडाळून, वर लाल रिबन. घरातल्या बाया कौतुकानं कागद सोडायच्या आणि आत तो पांढरा ठोकळा बघून त्यांची तोंडं उतरायची. सिस्टर तोवर जेवायला बसलेल्या असायच्या. वर आठवड्यानं जाऊन तो बसवला का ते बघायच्या. बसवला नसेल तर काय ऐकवायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गणपतीतही तेच. मंडळाच्या पोरांनी लोखंडी कमान उभी केली, तिच्यावर लाइटिंगच्या माळा सोडल्या आणि जोड नुसत्या चिकटपट्टीनं बांधले. सिस्टर आरतीच्या वेळी कमानीच्या मधोमध हात पसरून उभ्या. पेटीला तो स्विच लागेपर्यंत एकही लेकरू आत जाणार नाही. एक पोरगा हसत म्हणाला, "काकू, बाप्पा हाय की बघायला." सिस्टर म्हणाल्या, "बाप्पाला कामाला लावू नगं. वायरमनला लाव." आरती तासभर खोळंबली. लोकांनी नावं ठेवली. पण त्या वर्षापासून आमच्या मंडळाला तो स्विच लागतो.

आता शेलारांचं सांगते.

शेलार आबा मूळचे सोमेश्वरनगरकडचे, ऊस बागायतदार. आबा माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते, कारण पुढं मला ते लिहवणार नाही. कुणाच्या मयतीला, लग्नाला आबा पहिले. सिस्टरांच्या आणि आमच्या समोर त्यांनी बंगला बांधला. गेटला पितळी मुठी, पोर्चला ग्रॅनाइट, आणि अंगणात मधोमध तुळशीवृंदावन. चकचकीत काळ्या दगडाचं, भोवती स्टीलचा गोल कठडा, आणि त्या कठड्याला बसवलेले दिवे, चारी बाजूंनी तुळशीवर उजेड टाकणारे. अंधारलं की आपोआप लागायचे, उजाडलं की आपोआप बंद व्हायचे. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. सिस्टरांनी वास्तुशांतीला त्यांचा नेहमीचा आहेर दिला आणि मागं लागून बसवूनही घेतला. तेव्हा आबांच्या घरी चहा प्यायला त्या हक्कानं जायच्या.

त्याच साली आबांच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा पुण्याला कंपनीत, आठवड्यानं येणारा. सून शीतल, सासूसासऱ्यांबरोबर इथं. गोरटेली, हसरी, बोलायला हळू. आबांच्या मंडळी, म्हणजे आमच्या शेलार आक्का, देवाधर्माच्या कडक. शीतलनं पहाटे उठावं, न्हावं, सडा टाकावा आणि अनवाणी, ओलेत्यानं तुळशीला पाणी घालावं, ही त्या घरची रीत. शीतलला त्याचं काही वाटत नव्हतं. तिच्या माहेरीही तसंच होतं.

कार्तिकात तुळशीचं लग्न आलं. नव्या घरातलं पहिलं, नव्या सुनेचं पहिलं. सोमेश्वरनगरच्या रानातून लांबलचक ऊस आले, त्यांचा मांडव झाला, उसाउसाला लाइटच्या माळा गुंडाळल्या. अंगण धुऊन काढलं, सडा झाला, रांगोळी झाली. आम्ही सगळ्या अक्षता घेऊन उभ्या. गुरुजींनी मंगलाष्टक सुरू केलं, अंतरपाट धरला, आणि ऐन 'शुभ मंगल'ला फट् करून सगळा बंगला अंधारात.

बाया चपापल्या. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. पुन्हा लाइट लावली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही गेली. शेवटी मोबाइलच्या उजेडात तुळशीचं लग्न लागलं. आक्का रडायला लागल्या, "सूनबाईच्या पहिल्याच वर्षाला मांडवात अंधार. कुणाची दृष्ट लागली गं माझ्या पोरीला."

अंधारात सिस्टरांचा आवाज आला, "दृष्ट न्हाय आक्का. कुठंतरी वायर गळतीया. अंगण ओलं हाय. बटण त्याचं काम करतंय, त्याला करू द्या. सकाळी वायरमन बोलवा आन् अंगणातली वायर उकरून बघा."

त्याक्षणी त्यांना कुणी ओरडलं नाही एवढंच.

सकाळी वायरमन आला. आबांनी त्याला काय सांगितलं हे त्यानंच नंतर तोंडानं कबूल केलं. वायर शोधायची तर फरशी उखडायची, नवी बाग उकरायची, पाहुण्यारावळ्यांत चर्चा. त्यापेक्षा तो ठोकळाच काढून बाजूला कर आणि डायरेक्ट जोड. पुन्हा घरात शुभकार्याला अंधार नको. वायरमननं ठोकळा जागेवरच ठेवला, शोभेला, आणि वायरी त्याला वळसा घालून थेट जोडल्या. दहा मिनिटांचं काम. शीतलवर संकट येऊ नये म्हणून आबांनी हे केलं, ही गोष्ट मी इतक्या वेळा मनाशी घोळवली आहे की आता राग येऊन येऊन मी दमले.

सिस्टर दुपारी प्रसादाला गेल्या, बटण दाबलं, आणि लाइट तशीच. पुन्हा दाबलं. मग झाकण लावून त्या आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होते.

"आबा, ह्ये कुणी केलं?"

"माझ्या घरात मी केलं."

"सून पाणी घालती तितं. अनवाणी. कठड्याला हात लागतो तिचा."

"सिस्टर, तुमी दवाखान्यात हुता तवा पेशंटला भ्या दाखवायच्या. आता बसा की घरी. एवढी माणसं शेकड्यानं दिवे लावत्यात, सगळी मेली का?"

"सगळी मरत न्हाईत. एखादीच मरती. ती कुणाची तरी सून असती."

आक्का आतून तरातरा आल्या. "भरल्या घरात मरणाचं काढू नगा. आहेर दिला तवा आमचा झाला. आमी ठिवू न्हायतर फेकू."

सिस्टर चहा न घेता निघाल्या हे सांगायला नको.

मग त्यांनी जे सुरू केलं त्यानं अर्धी कॉलनी त्यांना वेडी म्हणायला लागली. वायरमनला चौकात गाठून झापलं. तो म्हणाला, मालक सांगंल ते मी करणार, नाहीतर मालक दुसरा वायरमन बघंल. त्या वीज कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबानं पंख्याखाली बसून सांगितलं, मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढं घरमालकाचं. सिस्टरांनी विचारलं, "आन् मुडदा कुणाचा?" साहेबानं शिपायाला बोलावून त्यांना बाहेर सोडायला सांगितलं. शीतलच्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, बघतो. शिकलेला मुलगा, कंपनीत मशिनवर काम करतो, तिथं हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय ह्याला आत सोडत नसतील. "बघतो," म्हणाला.

शेवटी त्या शीतललाच म्हणाल्या की तुळशीला पाणी घालताना पायात चप्पल घाल. हे आक्कांच्या कानावर गेलं आणि रस्त्यावर भांडण झालं. तुळशीपुढं चप्पल घालायला सांगणारी बाई हिंदू आहे का म्हणून आक्कांनी विचारलं. सिस्टर एरवी भांडणात मागं हटायच्या नाहीत, त्या दिवशी हटल्या. घरात गेल्या आणि एक लाकडी पाट घेऊन आल्या. "आक्का, ह्याला तर तुमचा देव न्हाय म्हणत न्हाय ना? ह्याच्यावर उभी राहू द्या पोरीला. पाणी झालं की पाट आत नेऊन वाळवा. पाया पडते तुमच्या." आणि त्या खरंच वाकल्या. आक्कांनी पाय मागं घेतला, पण पाट ठेवून घेतला.

सबंध हिवाळाभर शीतल पाटावर उभी राहून तुळशीला पाणी घालायची आणि समोर स्वतःच्या ओट्यावर सिस्टर बसलेल्या असायच्या. उजाडायच्या आधी येऊन बसायच्या, शाल गुंडाळून. शीतल आत गेली की उठायच्या. मी विचारलं, सिस्टर, असं किती दिवस करणार. म्हणाल्या, "तुमची सून हाय का ती? मग गप बसा."

चैत्रात शेलारांकडं हळदीकुंकू होतं. देवीच्या मांडणीला पाट कमी पडले म्हणून आक्कांनी आदल्या दिवशी तो पाट धुऊन आत घेतला. एवढंच घडलं. कुणी मुद्दाम काही केलं नाही. आमच्याकडं कधीच कुणी मुद्दाम काही करत नाही.

सकाळी मी गॅलरीत केस विंचरत होते. पुरतं उजाडलं नव्हतं, तुळशीचे दिवे अजून लागलेले होते. शीतल तांब्या घेऊन आली, सडा नुकताच झाला होता. सिस्टर ओट्यावरून ओरडल्या, "शीतल, पाट कुठाय?" ती वळून काहीतरी सांगायला लागली आणि तेवढ्यात तिनं कठड्याला हात टेकवला.

ती किंचाळली नाही. घशातून एक आवाज आला आणि तांब्या पडला. हात सुटेना.

सिस्टर पळाल्या. त्या वयाची, त्या अंगाची बाई, साडी वर खोचून, गेट ढकलून आत. आणि शीतलकडं न जाता तिच्या बाजूनं सरळ पोर्चकडं. आक्का दारात आल्या होत्या, त्या ओरडल्या, "अवं, तिकडं कुठं? पोरगी हितं हाय," आणि शीतलला धरायला धावल्या. सिस्टरांनी मागं न बघता अशी आरोळी मारली की आक्का जागच्या जागी थिजल्या, "हात लावू नगा तिला." मग मेन स्विच खाली पडल्याचा आवाज आला, दिवे विझले आणि शीतल सड्यात कोसळली.

मी खाली पोचले तेव्हा सिस्टर तिच्या मानेला बोटं लावून बसल्या होत्या. "नाडी हाय. श्वास न्हाय." त्यांनी तिची हनुवटी वर केली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला लागल्या. मी, आक्का, आबा, सगळे भोवती नुसते उभे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शीतलला ठसका लागला, तिनं कण्हून मान हलवली, आणि सिस्टर म्हणाल्या, "गाडी काढा." तेवढंच म्हणाल्या.

शीतल वाचली. उजव्या तळहाताला भाजलं होतं, ते बरं व्हायला बरेच दिवस लागले, पण वाचली. दवाखान्यात तिला शुद्ध आली तेव्हा मी बाहेर बाकावर सिस्टरांशेजारी होते. आक्का येईल त्याला सांगत होत्या, "तुळशीमाईनं पोरगी परत दिली." नात्यातलं कुणी म्हणालं, पोरीचं नशीब बलवत्तर. आबा फोनवर मुलाला सांगत होते, "काय न्हाय रे, जरा करंट बसला, घाबरू नगं." माझं डोकं उठलं. मी सिस्टरांकडं बघितलं. मला वाटलं, आता ह्या उठतील आणि सगळ्यांचा उद्धार करतील. त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हाच बघितलं.

दुपारी डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं तेव्हा त्या उठल्या. आम्ही दोघी रिक्षानं परत आलो. मला वाटलं घरी जाऊन आडव्या होतील. त्या स्वतःच्या घरात गेल्या आणि कुदळ आणि खुरपं घेऊन बाहेर आल्या.

"मास्तरीणबाई, तुमी त्यांच्या पेटीपाशी उभ्या राहा. मेन खालीच राहिला पायजे. कुणाला हात लावू देऊ नगा."

मी उभी राहिले. त्यांनी तुळशीपासून सुरुवात केली. कुदळीनं बागेची कड फोडली, खुरप्यानं माती उकरली, आणि वायर हाताला लागली तशी दोन्ही हातांनी ओढायला लागल्या. पावलापावलानं गेटच्या दिशेनं. आबांच्या नव्या बागेची झेंडूची, गुलाबाची रोपं मुळासकट बाहेर येत होती. साडी चिखलानं भरली, केस सुटले. त्या ओढताना रडत होत्या आणि शिव्या देत होत्या, कुणाला ते कळत नव्हतं. रस्त्यावर माणसं जमली. कुणी आत आलं नाही.

आबा मागोमाग दवाखान्यातून आले. गेटात थांबले. तिथूनच म्हणाले, "सिस्टर, राहू द्या आता. उद्या माणसं लावून काढून घेतो."

"माणसं लावूनच घातली हुती," सिस्टर म्हणाल्या आणि ओढत राहिल्या.

बागेच्या वळणावर जोड निघाला. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, चिकटपट्टी कुजून सुटलेली, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. वायरही घरात वापरायची साधी, दोनच तारांची. गळकी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तिसरी तार कुणी टाकलीच नव्हती. पिशवीत अजून पाणी होतं. सिस्टरांनी तो जोड उचलला, चिखलासकट, आणि लोंबती वायर ओढत आबांपुढं आल्या.

"धरा," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मेन बंद हाय. मास्तरीणबाई तितं उभ्या हायत. काय हुनार न्हाय तुमास्नी. सुनंला रोज धरायला लावलं, आबा. तुमी एकदा धरा."

मेन बंद आहे हे आबांना माहीत होतं. मी पेटीपाशी हात आडवा धरून उभी होते, ते त्यांना दिसत होतं. सिस्टर वायर पुढं करून उभ्या होत्या.

आबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.